संगणकसम्राटांच्या सेवेशी अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री संगणकसम्राट, आमच्या छापखान्याचे मानद आयटी सल्लागार (मानधन वेगळं) यांचे सेवेशी,



आपलं कोटेशन पोचलं. जाड कागद, रंगीत लेटरहेड. छपाई आमच्याकडची नाही हे हललेल्या लाल रंगावरून लगेच कळलं, पण ते असो.

गोषवारा असा की विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आमची मशीनं विंडोज ११ घेत नाहीत, सबब ऑफिसातले संगणक झाडून सगळे मोडीत काढावेत, नवे घ्यावेत आणि ते आपल्याकडूनच घ्यावेत. तळाशी ठळक अक्षरांत एक वाक्य : 'लिनक्स धंद्याच्या कामाचं नाही.'

हे वाचून ऊर भरून आला. 'विंडोज धंद्याच्या कामाचं नाही' हे आपलंच २०२० सालचं वाक्य. जुन्या फाइलीत वधूवरांची नावं बदलून नवी पत्रिका काढावी, तसं आपण फक्त नाव बदललंत. बाकी मजकूर, विरामचिन्हं आणि आत्मविश्वास सगळं जसंच्या तसं.

तेव्हा म्हटलं, एकदा उपकारांची उजळणी करावी. पत्र खुलं अशासाठी की आपल्यासारखे उपकारकर्ते आज गावोगाव, पेठोपेठी आहेत. त्यांच्या पायाशी बसलेल्या दुकानदारांनाही आपली कीर्ती कळावी.

पहिला उपकार म्हणजे ती सीडी. मार्करनं 'विन ७ फायनल न्यू' असं लिहिलेली. 'लायसन्सचं काय?' या आमच्या खुळ्या प्रश्नावर आपण जे हसलात, ते अजून कानात आहे. 'सगळेच वापरतात हो!' मग काही दिवसांनी पडदा काळा पडला आणि कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' अशी इंग्रजी ओळ उगवली. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? आम्ही सांगायचो, काळा रंग डोळ्यांना बरा पडतो.

कायद्याचं पुस्तक उघडायची सवय आपल्यामुळे लागली, हाही उपकारच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३ ब नावाचं एक कलम आहे. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, शिवाय ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकतं. आमचा तर धंदाच. आणि गंमत बघा, ही शिक्षा वापरणाऱ्याला. सीडी घालून चहा पिऊन गेलेल्याची चौकशी करायला कोण येतंय?

त्या प्रतीची चोरी उघडी पडू नये म्हणून आपण अपडेट कायमचे बंद करून ठेवलेत. केवढी दूरदृष्टी! मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर फिरलं. ज्या भोकातून ते आत शिरलं, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. आमच्याकडे ती येण्याची आपण सोय ठेवली नव्हती. हिशेबाच्या मशीनवर लाल खिडकी उघडली : ३०० डॉलर, तेही बिटकॉइनमध्ये, तीन दिवसांनी दुप्पट. आपण आलात, खिडकीकडे डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसं पाहिलंत आणि म्हणालात, 'फॉरमॅट मारू.' बॅकअप होता की! त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर होता. तोही कुलूपबंद झाला, एवढंच.

मग १४ जानेवारी २०२० उजाडली. विंडोज ७ ची मुदत संपली आणि आपल्याला दृष्टान्त झाला. पेंग्विनचं चित्र असलेला टीशर्ट घालून आपण आलात आणि आमच्या काउंटरवर हात ठेवून म्हणालात, 'आता सगळं फुकट, सगळं कायदेशीर, सगळं ओपन सोर्स.'

खरं सांगतो, आम्हाला आवडलं. चोरीचा माल घरातून जाणार याचा आनंद होता. इथपर्यंत आपलं काही चुकलं नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. लिनक्सवर हल्ली अर्ध्या दुनियेचे सर्व्हर चालतात, कुणी परवाना मागत नाही आणि जुन्या मशीनवरही ते सुखानं नांदतं. चांगल्या स्थळाशी आपण आमची गाठ घालून दिलीत. फक्त मुलगी कोण, मुलगा कोण, हे विचारायचं राहिलं.

विचारायचं म्हणजे काय, तर आमच्याकडे काम काय चालतं, हे. डीटीपी होतं की हिशेब, प्रिंटर कोणते आहेत, फायली कशात आहेत, प्लेट कुठून येते. इतक्या वर्षांत आपण एकदाही विचारलं नाहीत. मोठी माणसं असल्या चौकशा करत नाहीत.

त्याऐवजी आपण आम्हाला म्युनिकची गोष्ट सांगितलीत. जर्मनीतलं एवढं मोठं शहर, २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० मशीनं नेली! आम्ही अवाक्. २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेनं पुन्हा विंडोजवर यायचं ठरवलं, हा उत्तरार्ध बहुधा आपला फोन वाजल्यामुळे राहून गेला असावा.

फ्रान्सच्या जांदार्मरीची, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलिसांची गोष्ट तर आपण सांगितलीच नाहीत. सांगितली असती तर आमच्यासारख्यांना कळलं असतं की हे काम कोणत्या टोकानं सुरू करायचं. त्यांनी २००५ मध्ये आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, ओपनऑफिस आणलं. मग फायरफॉक्स आलं, थंडरबर्ड आलं. हे सगळं विंडोजवरच. लोकांचा हात बसल्यावर, २००८ पासून, त्यांनी खालची सिस्टीम बदलून उबंटू घातलं. म्हणजे शिपायाच्या समोरचे प्रोग्रॅम तेच राहिले, जमीन तेवढी बदलली. आपण आमच्याकडे नेमकं उलट केलंत. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्रीत जमीन काढून घेतलीत आणि पाडव्याला आम्हाला आत बोलावलंत.

'आपलं संरक्षण मंत्रालयसुद्धा "माया" नावाचं स्वतःचं लिनक्स वापरतंय,' हे आपण पुढे २०२३ मध्ये ऐकवलंत. ते खरंच. पण त्यांच्याकडे ते सांभाळायला पगारी माणसं आहेत. आमच्याकडे आपण आहात.

आता निवडीबद्दल. आपली निवड म्हणजे रसिकतेचा कळस. प्रत्येक मशीनवर वेगळं लिनक्स! काउंटरवर उबंटू, हिशेबाला फेडोरा, डीटीपीवर ते आर्च, जे रोज बदलतं आणि ज्याच्या रोजच्या बदलावर रोज कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. एकावरचं शिकलेलं दुसऱ्यावर चालू नये, म्हणजे नोकरांच्या बुद्धीला व्यायाम होतो, असा आपला उदात्त हेतू असणार.

उबंटूच्या वेळचा आपला हिशेब तर सोन्याच्या अक्षरांत छापावा. समोर दोन आवृत्त्या होत्या, २०.०४ आणि २०.१०. आपण २०.१० घेतलीत, कारण 'आकडा मोठा, म्हणजे नवी'. महाराज, तो आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २०२० च्या एप्रिलमधली आवृत्ती पाच वर्षं दुरुस्त्या मिळणारी, दीर्घ मुदतीची. ऑक्टोबरमधली नऊ महिन्यांची. २०२१ च्या जुलैत तिचं आयुष्य संपलं आणि आम्हाला कुणी सुतकही कळवलं नाही. फेडोराचंही तेच. त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने जगते. ज्याला नवनवं करून बघायचंय त्याच्यासाठी ती उत्तम. ज्याला बिल फाडायचंय त्याच्यासाठी नाही.

धंद्यासाठी फुकट सिस्टीम घेताना किंमत बघायची नसते, ती शून्यच असते. बघायची असते मुदत. हे आम्हाला कुणी सांगितलं, ते पुढे लिहितो. आपण नव्हे.

डीटीपीबद्दल मात्र जरा विस्तारानं लिहू द्या, कारण आमची भाकरी तिथे भाजते.

तुळशीचं लग्न लागून गेलेलं, लगीनसराई तोंडावर. ऑपरेटरताईंनी गेल्या वर्षीची एक पत्रिका उघडली. वर 'श्री गणेशाय नमः' असायचं, तिथे आलं काय? डोक्यावर टोपी घातलेला रोमन ए, शेपूट फुटलेला सी, दोन टिंबांचा यू आणि मधोमध एक पौंडाचं चिन्ह. गणपतीच्या जागी इंग्लंडची राणी अवतरल्यासारखं झालं. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पौंड हलेना.

कारण साधं होतं. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फाँटांत मराठी वळणं रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. फाँट नसला की घराचा मूळ मालक बाहेर येतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक छापखान्यांची कपाटं अशाच फायलींनी भरलेली आहेत, आणि त्या फाँटांचं आमचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं, तेही मागे डोंगल खोचल्यावर. आपण डोंगल उपटून ड्रॉवरमध्ये टाकलंत आणि फर्मावलंत, 'सगळं युनिकोडमध्ये करून घ्या.'

सल्ला सोळा आणे खरा. आम्ही कन्व्हर्टर लावला. त्यानं मजकूर बदललाही. फक्त रफार एका अक्षरावरून उडी मारून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले आणि 'आशीर्वाद'चा 'आर्शीवाद' झाला. ताईंना ते दिसलं म्हणून बरं. न दिसता छापलं गेलं असतं, तर शेकडो घरांत वधूवरांना आर्शीवाद मिळाले असते.

मग आपण 'इंकस्केप'ची ओळख करून दिलीत. चित्र काढायला फार गोड सॉफ्टवेअर आहे, मी स्वतः वापरतो. पण त्याची पीडीएफ निघते ती पडद्याच्या तीन रंगांत. छपाईला लागतात चार, आणि त्यातला काळा स्वतंत्र. प्लेटवाल्याकडे फाइल गेल्यावर तीन रंगांतला काळा फुटला आणि चारही प्लेटांवर थोडा थोडा उतरला. बारीक टायपातला आप्तेष्टांचा मजकूर चार वेळा एकमेकांवर अचूक बसवणं कुठल्याही ऑफसेटवाल्याला विचारा. केसभर हललं आणि वराच्या मोठ्या काकांच्या नावामागे गुलाबी भूत उभं राहिलं. काका हयात आहेत. ते स्वतः पत्रिका घेऊन आले होते.

'स्क्रायबस' नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चार रंग आहेत, हे आपण तेव्हा सांगितलंत. आहेत. पण आपण घातलेल्या जुन्या स्थिर आवृत्तीला देवनागरीची जोडाक्षरं जोडता येत नव्हती. 'लक्ष्मी'चे तिनं पाय मोडून ठेवले. हे काम पुढच्या स्थिर आवृत्तीत सुधारलं. आमची लगीनसराई त्याआधीच उरकली होती.

आणि 'कोरलड्रॉ लिनक्सवर मिळतं' हे आपण छातीठोकपणे सांगितलेलं? आम्ही शोधलं. मिळत होतं. २००० साली. कोरल कंपनीनं १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्ससुद्धा काढलं होतं, आणि थोड्याच काळात दोन्ही सोडून दिलं. आपली माहिती चुकीची नव्हती, फक्त दोन दशकं शिळी होती.

हिशेबाचं मशीन. तिथे टॅली. टॅली विंडोजसाठी बनलेली, म्हणून आपण ती 'वाइन' नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालवलीत. आमच्या तीर्थरूपांनी हयातभर दारूच्या दुकानापुढून जाताना रस्ता ओलांडला. त्यांच्या रोजमेळाला आपण वाइन पाजलीत. बरे दिवस असले की ती चालायची. जीएसटीच्या रिटर्नची २० तारीख जवळ आली की तिला झोकांड्या यायच्या. फोन केला की आपण सांगायचात, 'टर्मिनल उघडा आणि मी सांगतो ते टाइप करा.' आमचे अकौंटंट सत्तरीचे. टर्मिनल म्हटल्यावर त्यांना दादर आठवतं.

आता सर्व्हर. इथे मला आपली बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर पाप लागेल. आपण सेंटओएस ८ घातलंत. निवड चांगली होती. रेड हॅट जे लिनक्स पैसे घेऊन विकते, त्याचीच नावचिन्ह काढून पुन्हा बांधलेली ही बिनपैशाची आवृत्ती. धंद्याचे जाणकार तीच घेत. २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असं सांगितलेलं होतं. रेड हॅटला २०१९ मध्येच आयबीएमनं ३४ अब्ज डॉलरना विकत घेतलं होतं, आणि ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. २०२९ चं २०२१. त्या दिवशी जगभरच्या भल्याभल्यांची तोंडं वासली. आपली वासली असती तर आम्ही पाणी आणून दिलं असतं.

पण आपल्याला ते कळलंच नाही.

पुरतं एक वर्ष हातात होतं. सेंटओएसचेच एक संस्थापक ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्स काढलं, दुसरीकडे अल्मालिनक्स आलं, दोन्ही २०२१ मध्येच वापरायला तयार झाली. सेंटओएसवरून त्यांवर उडी मारायला तयार स्क्रिप्टही होत्या. डेटा जागचा हलत नव्हता, परवान्याचा रुपया लागत नव्हता. ओपन सोर्सचं खरं मोल इथेच दिसलं : मालकानं दार लावलं, तर तेच घर दुसऱ्यांनी शेजारी बांधून दिलं. आपल्याला फक्त एका दुपारी यायचं होतं. व्हिजिट चार्ज आम्ही दिला असता.

आम्ही मात्र संपलेल्या सिस्टीमवर सुखानं नांदत राहिलो. अपडेटची आज्ञा दिली की लाल अक्षरांत तक्रार यायची, कारण पलीकडे आता कुणी राहतच नव्हतं. आपण म्हणालात, 'दुर्लक्ष करा, लिनक्सला व्हायरस लागत नाही.' असं वाक्य लस टोचणाऱ्यांनी ऐकलं असतं तर त्यांनी सुया टाकून दिल्या असत्या.

आपली कार्यशैलीही नोंदवून ठेवतो. डीटीपीच्या मशीनला सर्व्हरवरची फाइल उघडेना, तर आपण सेलिनक्स नावाची सुरक्षा-व्यवस्था बंद केलीत. तरी उघडेना, तर फायरवॉल बंद केलीत. मग सगळ्या फोल्डरांना ७७७ परवानगी दिलीत, म्हणजे कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. दार, कडी, चौकट काढून टाकल्यावर फाइल उघडली. 'झालं!' असं म्हणून आपण हात झटकलेत. खरंच झालं होतं.

आणि बॅकअप? या वेळी आपण सुधारला होतात. आता तो डी ड्राइव्हवर नव्हता. आता दोन डिस्का होत्या, एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटणारी रेड (RAID) मांडणी. नवख्या कामगाराच्या हातून एका शाळेच्या स्मरणिकेचं फोल्डर पुसलं गेलं, तेव्हा ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी, तितक्याच तत्परतेनं पुसलं गेलं. आरशात बघून मिशी काढली तर आरशातली मिशी शिल्लक राहत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं.

आता एक बातमी. आमच्या अकौंटंटसाहेबांची नात तंत्रनिकेतनात शिकते. गेल्या वर्षी सुट्टीत ती येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी तिनं कुठल्याच मशीनला हात लावला नाही. प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची टाकून विचारलं, 'तुम्ही दिवसभर यावर काय काय उघडता?' वहीत लिहून घेतलं. ऑपरेटरताईंच्या नावापुढे तिनं लिहिलं : 'फाँट, कोरल, डोंगल. इथे विंडोजच, पण विकत घेतलेलं.' काउंटरच्या नावापुढे : 'ब्राउझर, पत्रं, व्हॉट्सॲप, प्रूफ दाखवणे. काहीही चालेल.' काहीही चालेल! तेवढ्यासाठी आपण आम्हाला नऊ महिन्यांची आवृत्ती दिली होतीत.

सर्व्हरचा मुख्य, म्हणजे रूटचा पासवर्ड आपण कुणालाही सांगितला नव्हता, 'सुरक्षेसाठी'. वर्षानुवर्षं आम्ही त्याला कुलदैवतासारखे घाबरून होतो. पोरीनं सर्व्हर बंद करून चालू केला, सुरुवातीच्या पडद्यावर एक ओळ बदलली आणि चहा यायच्या आत नवा पासवर्ड ठेवला. सर्व्हरला हात पोचत असेल तर ते करता येतं म्हणे. नंतर आपला जुना पासवर्डही कळला. तो आमच्या छापखान्याचं नाव आणि १२३ असा होता.

आज काउंटरवर आणि आणखी एका टेबलावर लिनक्स मिंट आहे, दोन्हीकडे एकच आवृत्ती. सर्व्हरवर डेबियन. हिशेब आणि डीटीपीला विंडोज, बिलासकट. बॅकअप रोज रात्री वेगळ्या डिस्कवर जातो आणि दर शनिवारी एक डिस्क मी पिशवीतून घरी नेतो. तिनं एकदा मुद्दाम एक फोल्डर माझ्यादेखत पुसून परत आणूनही दाखवलं. परत आणून दाखवणं हाही कामाचा भाग असतो, हे आम्ही प्रथमच पाहिलं.

आणि प्रत्येक मशीनच्या कपाळावर तिनं एक चिठ्ठी चिकटवली आहे. मिंटवर 'एप्रिल २०२९'. सर्व्हरवर 'जून २०२८'. ही दुरुस्त्या संपण्याची तारीख. झाडणाऱ्या मावशींनाही ती वाचता येते. ऑपरेटरताईंच्या मशीनवर 'ऑक्टोबर २०२५' होतं, म्हणून आपलं कोटेशन यायच्या बरंच आधी आमचं ठरलं होतं की तिथे नवं मशीन घ्यायचं आणि हिशेबाचं काही दिवस ओढायचं. मायक्रोसॉफ्ट व्यवसायांना पैसे घेऊन विंडोज १० च्या दुरुस्त्या पुढे देते, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर, आणि मग दरवर्षी दुप्पट. हा पर्याय आपल्या कोटेशनात जागेअभावी आला नसावा.

राहता राहिला मुद्दा मिंटच्या मशीनांचा. तीही मोडीत काढावीत असं आपण लिहिलंत, कारण 'टीपीएम २.० नाही'. महोदय, ती अट विंडोज ११ ची. मिंटनं आम्हाला असला काही दाखला मागितलेला नाही. जे मशीन चालू आहे, ज्याची मुदत २०२९ पर्यंत आहे आणि ज्याच्यावर आत्ता हे पत्र जुळवलं जात आहे, ते भंगारात देण्याचं धैर्य आमच्यात नाही. आपल्यात आहे, म्हणून तर आपण सम्राट.

तेव्हा कोटेशन साभार परत. एक मशीन लागेल, ते आम्ही बाजारात चार ठिकाणी विचारून घेऊ. वार्षिक देखभालीचा चेक या वर्षीपासून तंत्रनिकेतनाच्या फीमध्ये जाईल. रागावू नये. आपली सीडी आम्ही आठवण म्हणून जपून ठेवली आहे. पोलीस आलेच, तर आपली आठवण सांगायला काहीतरी हवं.

कळावे, लोभ असावा. थोडा कमी असला तरी चालेल.

आपला ऋणाइत,
एक छापखानेवाला, सांगली

ता. क. : आपल्या चिरंजीवांच्या लग्नपत्रिकेची ऑर्डर मिळाली. अभिनंदन! पत्रिका आमच्याकडून अगदी मोफत. मजकूर जुळवणी, प्लेट, कागद, शाई, घडी, पाकिटं आणि व्हिजिट चार्ज तेवढा वेगळा. प्रूफ सोबत जोडलं आहे. गणपतीच्या जागी पौंड दिसला तर दुर्लक्ष करा, तुमच्याकडे फाँट नसेल.